गाडी ओढत नाही : एका तक्रारीचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर तिच्या वेगाचेच गोडवे गाइले. कोणत्या साली कोणी किती मैल गाडी पळवली, कोणत्या शर्यतीत कोण पहिला आला, कोणत्या संस्थानिकाच्या पागेत घोड्यांच्या जागी किती मोटारी उभ्या राहिल्या, याच्या हकिकती हव्या तितक्या सापडतात. पण ज्याला रोज गाडी वापरायची असते त्याच्या तक्रारीचा या विक्रमांशी काही संबंध नसतो. त्याचे म्हणणे साधे असते. गाडी चालू होते, आवाज करते, पुढेही जाते. पण ओढत नाही. पाय दाबला तर नुसती घुरघुरते आणि चढ आला की मान टाकते. 'पिकअप' हा शब्द इंग्रजीतून आला खरा, परंतु 'गाडीने पिकअप सोडला' हे वाक्य आता इतके मराठी झाले आहे, की ते बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपण परका शब्द वापरतो आहोत याची जाणीवही नसते. या एका तक्रारीचा इतिहास दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडावा असा माझा विचार आहे. कारण या इतिहासाला शेवटी शेवटी आमच्या उसाच्या मुलखाचाही हात लागलेला आहे.

बंद पडलेल्या गाडीपेक्षा न ओढणारी गाडी जास्त अवघड. बंद पडलेली गाडी निदान आपले दुखणे कबूल तरी करते. न ओढणारी गाडी सगळे काही ठीक असल्याचा बहाणा करते. इंजिनच अशक्त झाले आहे, की इंजिन धडधाकट असून त्याची शक्ती चाकापर्यंत पोचत नाही, की शक्ती पोचते पण चाकालाच कोणी धरून ठेवले आहे, हे वरवर पाहून कळत नाही. ऊस वाहणाऱ्या जाणत्या गाडीवानाला हे कोडे नवे नाही. बैल रेटेनासे झाले की तो आधी आसूड उगारीत नाही. बैलाचा खांदा आला आहे का, खूर दुखावला आहे का, आखाला वंगण आहे का, चाक कुठे घासते आहे का, हे तो उतरून पाहतो. मोटारीच्या मिस्त्रीची सारी विद्या याच चार प्रश्नांचा विस्तार आहे.

ही विद्या मोटारीच्या बाबतीत अगदी आरंभी वापरली ती एका बाईने. जर्मनीत कार्ल बेंझ याने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. पण लोकांचा त्या यंत्रावर विश्वास बसेना आणि गिऱ्हाईक फिरकेना. कार्लच्या या उद्योगात त्याच्या बायकोचा, बर्थाचा, पैसा अडकलेला होता. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात तिने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, ऑयगेन आणि रिखार्ड या दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी, जायला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिकच. पेट्रोलपंप ही चीज तेव्हा जगात नव्हती. वाटेत वीसलॉख गावी औषधाच्या दुकानातून तिने डाग काढण्याचे लिग्रोईन विकत घेतले आणि तेच गाडीला पाजले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची लांब पिन घालून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले तेव्हा पायमोज्याचा पट्टा त्याला गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. मात्र चढ आला की गाडी ओढेना; मुलांनी खाली उतरून ती ढकलली.

या प्रवासाचे वर्णन बहुधा बाईंच्या धाडसासाठी केले जाते. मला त्यातले निदान अधिक मोलाचे वाटते. नळीतली घाण आणि तारेची झीज ही दुखणी होती. ती वाटेतच दुरुस्त झाली. चढावर न ओढणे हे दुखणे नव्हते. गाडीच्या घडणीतच ते बळ नव्हते. बर्थाबाईंनी हा भेद ओळखला आणि परत आल्यावर नवऱ्याला सांगितले, की चढासाठी आणखी एक गिअर हवा. गाडी ओढत नसेल तर ती आजारी आहे, की तिच्याकडून आपण नसत्या अपेक्षा करतो आहोत, हा पहिला प्रश्न तेव्हापासून आजतागायत कायम आहे. आठ माणसे, लग्नाचा आहेर आणि छपरावर गाद्या लादून घाट चढताना जो गाडीला नावे ठेवतो त्याने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

आता इंजिनाच्या पोटात काय चालते ते थोडे समजून घेतले पाहिजे. इंजिनाला चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, ठिणगी आणि दाब. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण पिस्टनने दाबायचे आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी टाकायची, एवढाच हा खेळ. पेट्रोल हवेत कालवण्याचे काम कार्बोरेटरचे. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने बारीक तोंडातून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर तयार केला आणि त्याच साली हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनी तशाच कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे शंभर वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच कल्पनेवर पळाल्या.

परंतु या कल्पनेत एक अडचण होती आणि पिकअपचे कोडे बरेचसे तिच्यातच आहे. पाय एकदम दाबला की कार्बोरेटरच्या गळ्यातील झडप उघडते आणि हवा तत्काळ आत घुसते. पेट्रोल हवेपेक्षा जड. त्याला धावत येऊन तिची गाठ घ्यायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्या क्षणात मिश्रण पातळ होते आणि गाडी उचकी खाते. यावर उपाय म्हणून कार्बोरेटरला एक चिमुकला पंप जोडला गेला. पाय दाबताच तो पेट्रोलची एक जादा पिचकारी मारतो. त्या पंपातला रबरी पडदा फाटला, की गाडी सरळ रस्त्याला संथपणे छान चालते आणि ओव्हरटेक करताना नेमकी दगा देते. जाणता मिस्त्री यासाठी काहीच खोलत नसे. इंजिन बंद ठेवून, वरचे झाकण काढून, हाताने कांडी हलवी आणि पिचकारी उडते की नाही ते पाही. दोन मिनिटांचे काम.

ठिणगीच्या व्यवस्थेलाही असाच इतिहास आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तेथे चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली एक प्रयोगशाळा काढली आणि तिच्या लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरे जोडून 'डेल्को' हा शब्द तयार झाला. बॅटरीवर चालणारी ठिणगीची पद्धत त्यांनी रूढ केली. आमच्याकडचा मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतो. ज्या डब्यातून ठिणगी प्रत्येक प्लगला वाटली जाते त्या डब्याला त्याने एका परदेशी शहराची आठवण बांधून ठेवली आहे, आणि याची त्याला वार्ताही नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९३२ च्या जून महिन्यात निजामाच्या रेल्वेखात्याने २७ मोटारगाड्या घेऊन सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. स्वातंत्र्यानंतर, १ जून १९४८ रोजी, मुंबई राज्याच्या एस.टी.ची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर अशी धावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या कित्येक पिढ्या या सरकारी गाड्यांच्या आगारांतून आणि कार्यशाळांतून तयार झाल्या. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळांची नावे जुन्या मिस्त्रींच्या तोंडून गुरुकुलांच्या नावांसारखी ऐकू येत.

खासगी मोटारींची कथा वेगळी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. फियाट ११०० ही गाडी आली आणि १९७४ पासून तीच 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिकडे बंगालात उत्तरपाडा येथे अ‍ॅम्बॅसॅडर तयार होत होती आणि माझगावात महिंद्रांची जीप जोडली जात होती. पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, अ‍ॅम्बॅसॅडरचे बराच काळ १४८९ घन सेंटिमीटरचे. गाड्या थोड्या, मागणारे फार. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच एकदा मिळालेली गाडी टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. तिचे इंजिन दोनतीनदा उतरवले जाई, सिलिंडर रिबोर होई, पिस्टनच्या रिंगा बदलल्या जात, आणि बापाची गाडी मुलगा चालवी. या टंचाईनेच आपल्याकडे एक विद्या वाढवली. सुटा भाग सहज मिळत नव्हता. म्हणून कोणता भाग खरोखर बिघडला आहे हे आधी नक्की करावे लागे. निदान ही तेव्हा चैन नव्हती, ती गरज होती.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या सुमारास, अंबडच्या रस्त्याला एका बाभळीखाली दुकान थाटलेले एक वयस्क मिस्त्री मी पाहिले. पुढे शिक्षक झाल्यावर माझी जुनी गाडी घेऊन मी त्यांच्याकडेच जाऊ लागलो. त्यांची एक रीत होती. ते बॉनेटला आधी हातच लावीत नसत.

"गुरुजी, गाडी थंड असताना ओढती का तापल्यावर?" ते विचारीत. "चढाला मरती का सपाटीलाबी? एकदम सोडली का हळूहळू? पेट्रोल कुठं भरलं व्हतं?"

या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्धे काम झालेले असे. थंड असताना ओढते आणि तापल्यावर सोडते, तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन दगा देत असेल. नाहीतर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन ती अडत असेल. मे महिन्यात पेट्रोलपंपाच्या डबीवर ओला फडका टाकून निघणारे ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत. तो फडका याच वाफेवरचा उतारा. हळूहळू पिकअप गेला तर झीज. एकदम गेला तर काहीतरी तुटले, निसटले किंवा तुंबले.

मग तपासणी होई ती ठरलेल्या क्रमाने, आणि तो क्रम खर्चाचा असे : ज्याला पैसा लागत नाही ते आधी. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये ढकलून पाहायची. जड गेली आणि थोडे अंतर चालवून आणल्यावर एखादे चाक हाताला चटका देत असले, तर ब्रेक धरून बसला आहे. इंजिनाचा दोष नाही. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडायचा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. इंजिन खुशाल फिरत राहिले तर क्लचप्लेट सटकते आहे आणि शक्ती वाटेतच वाया जाते आहे. एवढे झाल्यावर इंजिनाकडे. एअर फिल्टर काढून झटकायचा; उसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याची जी धूळ उडवतात तिने तो महिन्याभरात गच्च होतो, आणि नाक दाबलेला माणूस जसा धावू शकत नाही तशी गाडीही धावत नाही. मग प्लग. प्लगचे टोक बिस्किटासारखे तांबूस असले तर इंजिन निरोगी. काळे आणि कोरडे असले तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरे असले तर पेट्रोल कमी. तेलकट ओले असले तर रिंगा झिजल्या. वैद्याने जीभ पाहावी तसे ते प्लग पाहत. त्यानंतर पॉइंटमधली फट, ठिणगीचे टायमिंग, कार्बोरेटरचे जेट. जेट ते तोंडाने फुंकून साफ करीत. त्यात तार घालणाऱ्या पोरावर मात्र खेकसत, कारण तारेने ते सूक्ष्म छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. इंजिन उतरवण्याची भाषा सगळ्यात शेवटी, आणि तीही कंप्रेशन मोजल्यावर.

त्यांचा चौथा प्रश्न, पेट्रोल कुठे भरले हा, सर्वांत मार्मिक होता. या प्रश्नामागे आपल्या राज्यातील एक काळाकुट्ट इतिहास आहे. रेशनचे रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग. या दोन भावांतल्या फरकावर कित्येकांनी इमले बांधले. रॉकेल सहजासहजी वाफ होत नाही, इंजिनात ते वेळेआधीच भडकून ठोकठोक करते, प्लगवर काजळी चढवते आणि उरलेले ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते. मालकाला एवढेच दिसते की गाडीने पिकअप सोडला. तो प्लग बदलतो, कार्बोरेटर बदलतो, शेवटी गाडी विकतो. आणि दोष गाडीत नसून टाकीत असतो. हे रॉकेल ओळखू यावे म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला, पेट्रोलपंपावर फिल्टर कागदाची परीक्षा मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला मिळाला. कागदावर थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. तरीही भेसळ चालूच राहिली. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ तेलाची भेसळ करणाऱ्यांना हटकले आणि त्या लोकांनी त्यांना जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. गाडी का ओढत नाही, हा प्रश्न एका प्रामाणिक अधिकाऱ्याच्या चितेपर्यंत जाऊन पोचतो, हे आपण विसरता कामा नये.

दरम्यान यंत्र बदलले. परदेशात १९६७ पासून विजेच्या मेंदूने पेट्रोल मोजून फवारण्याची पद्धत मोटारींत येऊ लागली होती. आपल्याकडे तिला वाट करून दिली ती हवेच्या प्रदूषणावरील कायद्यांनी. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि २००० च्या फेब्रुवारीपासून शिशाचे पेट्रोल देशात बंद झाले. हे शिसे पेट्रोलमध्ये घालण्याची युक्ती थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने १९२१ मध्ये शोधली होती, आणि तीही ठोकठोक थांबवून पिकअप वाढवण्यासाठीच. त्या पिकअपची किंमत जगातील लेकरांनी आपल्या मेंदूने आणि रक्ताने चुकवली. पाठोपाठ भारत स्टेजचे नियम आले. १ एप्रिल २०२० पासून सहावा टप्पा लागू झाला. कार्बोरेटर इतिहासजमा झाला. आज नव्या गाडीत पायाखालचा पॅडल कशालाही ओढीत नाही. तो फक्त संगणकाला विनंती करतो. किती हवा, किती पेट्रोल, केव्हा ठिणगी, हे संगणक ठरवतो. एखादा बिघाड जाणवला तर तो डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो आणि इंजिनाला इजा होऊ नये म्हणून कधी कधी जाणूनबुजून तिची शक्ती कमी करतो. म्हणजे गाडीने आता मुद्दाम लंगडण्याची विद्याही साध्य केली आहे.

या दिव्यामागचे कारण वाचण्यासाठी स्कॅनर आला. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना त्याची एकच सामाईक भाषा सक्तीची झाली. आपल्याकडे २०१० नंतर टप्प्याटप्प्याने ती आली. स्टीअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर जोडला की पडद्यावर आकडा उमटतो. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. पूर्वी ज्या दोषाच्या शोधात दिवस जाई तो आता क्षणात दिसतो. परंतु तो आकडा म्हणजे निदान नव्हे. एक उदाहरण देतो. 'पी ०१७१' हा आकडा आला तर त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडते एवढाच. ते का कमी पडते? एखादी रबरी नळी फाटून चोरटी हवा आत येत असेल. पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल. टाकीतला पंप थकला असेल. हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखून चुकीचे माप देत असेल. पहिल्या कारणाला शेपाशे रुपयांची नळी लागते, दुसऱ्या टोकाला काही हजारांचा पंप. ज्याला प्रश्न विचारण्याची सवय नाही तो एकेक भाग बदलत जातो आणि बिल गिऱ्हाइकाच्या नावावर चढवत जातो. टंचाईच्या काळी भाग मिळत नव्हता म्हणून डोके चालवावे लागे. आता भाग मिळतो म्हणून डोके चालवावे लागत नाही, अशी उलटी गत झाली आहे.

आणि आता मी ज्या मुलखात राहतो तेथील गोष्ट. आमचे अंकुशनगर अंबड तालुक्यात, महाकाळ्याच्या शिवारात, समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने वसलेले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि डाव्या कालव्याने गोदावरीचे पाणी या कोरड्या भागात फिरले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना आला, कारखान्यामागून शाळा, दवाखाना, बाजार आणि अर्थातच मोटारी आल्या. साखर काढून झाल्यावर जी मळी उरते तिच्यापासून अल्कोहोल होते, आणि ते मोटारीत जाळता येते, ही गोष्ट फार जुनी. १९४८ सालीच आपल्या देशात पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. तो कित्येक दशके कागदावरच राहिला आणि २००० मध्ये रद्द झाला. योगायोग असा, की लगेच पुढच्या वर्षी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे सरकारी प्रयोग सुरू झाले, ते देशातील तीन ठिकाणी : उत्तर प्रदेशात बरेलीकडे, आणि आपल्या महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे. ज्या मनमाडच्या परिसरात चोरटी भेसळ पुढे एका अधिकाऱ्याचा बळी घेणार होती, तेथेच कायदेशीर मिश्रणाचाही श्रीगणेशा झाला. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आले. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचे पेट्रोल काही पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. आता मका आणि तांदूळ यांपासूनही पुष्कळ इथेनॉल होते. तथापि आमच्या भागात इथेनॉल म्हटले की ऊसच डोळ्यांपुढे येतो.

२०२५ मध्ये या मिश्रणावरून देशभर वाद माजला. गाड्यांचा पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडले, अशी ओरड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. आमच्या गावी हा वाद घराघरांत झाला, कारण येथे दोन्ही पक्षकार एकाच छपराखाली नांदतात. बाप उसाच्या बिलाकडे डोळे लावून बसलेला. लेक मोटारसायकल ओढत नाही म्हणून कुरकुरणारा. बाप इथेनॉलविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही आणि लेक गाडीच्या प्रत्येक खोकल्याचे खापर इथेनॉलवर फोडतो. मला वाटते, दोघांनीही त्या बाभळीखालच्या मिस्त्रींची रीत उचलावी.

वस्तुस्थिती अशी आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमागे ऊर्जा सहासात टक्क्यांनी घटते. सरकारी तज्ज्ञ समितीने २०२१ च्या आपल्या आराखड्यात, ज्या मोटारी या इंधनासाठी घडवलेल्या नाहीत त्यांचे अ‍ॅव्हरेज साधारण तितकेच कमी होईल, असे म्हटलेच होते. पण अ‍ॅव्हरेज वेगळे आणि पिकअप वेगळा. संगणकाची गाडी सेन्सरने ओळखून पेट्रोल थोडे जास्त सोडते. ती जास्त पिते, पण ओढते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला हे जमत नाही. तिच्या जेटचे छिद्र शुद्ध पेट्रोलच्या मापाने पाडलेले; नव्या मिश्रणावर ती उपाशी राहते आणि पाय दाबताच उचकी खाते. तिसरी गोष्ट अधिक गमतीची. इथेनॉल चांगला विद्रावक आहे. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ ते सोडवते आणि तो गाळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. मालक म्हणतो, इथेनॉलने इंजिन खाल्ले. प्रत्यक्षात एक फिल्टर बदलला की गाडी पूर्वीसारखी धावते. याउलट जुन्या रबरी नळ्या आणि पडदे या इंधनाने फुगतात, कडक होतात, हे खरे आहे आणि तेथे दोष इथेनॉलचाच. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. लग्नसराईपुरती बाहेर निघणारी, एरवी महिनोनमहिने उभी असलेली गाडी पावसाळ्यानंतर पहिल्या दिवशी रुसली तर नवल नाही. म्हणजे बापही थोडा बरोबर, लेकही थोडा बरोबर. कोणाची बाजू किती खरी, हे त्या त्या गाडीचा फिल्टर काढून, नळी चाचपून, प्लगचा रंग पाहूनच ठरेल. ते वर्तमानपत्राच्या मथळ्यावरून ठरणार नाही आणि उसाच्या भावावरूनही नाही.

पद्मिनीची मुंबईतील शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. अ‍ॅम्बॅसॅडरचा कारखाना २०१४ मध्येच थांबला. ते मिस्त्रीही आता नाहीत. त्यांच्या जागी त्यांचा नातू बसतो. बाभळीची सावली जाऊन पत्र्याची शेड आली आहे, हातात फुंकणीऐवजी स्कॅनर आहे. पण मी पाहिले आहे, स्कॅनर जोडण्यापूर्वी तो पोरगा गिऱ्हाइकाला विचारतो : गाडी थंड असताना ओढती का तापल्यावर? हा प्रश्न त्याला कोणत्या पुस्तकात मिळाला नाही. तो घरातून मिळाला. येत्या काही वर्षांत विजेच्या मोटारी वाढतील. तेथे ना प्लग असेल, ना जेट, ना फिल्टर. तरी ब्रेक धरून बसेल, टायरमधली हवा उतरेल, बॅटरी तापून आपली शक्ती आखडती घेईल, आणि कोणीतरी म्हणेलच, की गाडी ओढत नाही.

दिवाळी सरली की आमच्याकडे कारखान्याचे धुराडे पेटते, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यांवर येतात आणि धूळ उडू लागते. त्या दिवसांत आपली गाडी सुस्तावली, तर खिशात हात घालण्याआधी एअर फिल्टर काढून उन्हात धरून पाहा. त्यातून उजेड दिसला नाही, तर निम्मे निदान तेथेच झाले म्हणून समजा.